घागरीमागचा माणूस

तळी आटली त्या उन्हाळ्यात चेन्नईच्या पुळियांतोपमधल्या त्या गल्लीत पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा. तो वळणावर दिसला की मरगदम पदर खोचून रस्त्यात उभी. साठी उलटलेली, नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. दारात इडल्या विकून एकटीच राहायची. तिला कुणी नेमलं नव्हतं. पण तिच्या आवाजापुढे टँकरचा भोंगाही नरमायचा, म्हणून रांगेचा कारभार आपोआप तिच्याकडे आला होता.

नियम साधा. माणशी एक घागर. पण पाणी कमी पडू लागलं तशी गल्लीत माणसं वाढू लागली. शेजारच्या वासुकीच्या घरात माणसं चार, रांगेत घागरी सहा.

"काय गं, ही निळी कुणाची?"

"सासूबाईंची, अक्का."

"त्यांना जाऊन पोंगलचे दोन सण झाले की!"

"गेल्या म्हणून काय तहान लागत नाही?"

रांग खो खो हसली. मरगदमने हसू गिळलं आणि फर्मान काढलं, "आता घागरीमागे माणूस उभा पाहिजे. जिवंत!"

पुढच्या खेपेला गल्लीचं लग्नघर झालं. कुणाचे मामा विळुपुरमहून आले, कुणाच्या मावश्या तिरुत्तणीहून. वासुकीने तर बसस्टँडवरून एकांबरम नावाचा एक म्हाताराच गाठला, दोन वेळच्या जेवणाच्या बोलीवर. निळ्या घागरीमागे तो देवळातल्या द्वारपालासारखा ताठ उभा राहिला. गल्ली त्याला तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणू लागली.

पाहुणे आले ते राहिले. जेवले, ताटं खरकटी केली, उकाड्याने अंघोळी केल्या. एकांबरम तर सकाळ-संध्याकाळ.

"तात्ता, आणलेलं सगळं पाणी तुमच्याच अंगावर!" वासुकी करवादली.

"मग? त्या घागरीमागे उभं कोण होतं?"

आठवड्याभरात एकेका पाहुण्याची बोळवण झाली. वासुकीने म्हाताऱ्याचं बोचकं बाहेर ठेवलं. तांदूळ भिजवायलाही पाणी नसलेली मरगदम दारातून बघत होती. तिने हाक मारली, "तात्ता, इडल्या पोटभर. अंघोळ मात्र टँकर येईल त्या दिवशीच. चालेल?"

"चटणी कसली?"

"नारळाची."

"चालेल."

झालं! पुढच्या खेपेला मरगदमच्या दोन घागरी.

"अक्का, हे तुमचे कोण?" वासुकीने भर रांगेत विचारलं.

"तुझे कोण होते?"

सगळे हसले, वासुकी सोडून. "माझी लेक कयल बाळंतपणाला आली आहे. तिचं पोर घागरीमागे उभं राहू शकत नाही, म्हणून त्याला पाणी नाही. बाळोती कशाने धुवू, तुमच्या नियमाने?"

मरगदमने आपली दुसरी घागर उचलली, वासुकीपुढे ठेवली आणि म्हणाली, "चुकलंच. ज्याला गरज, त्याला जास्त."

"आणि माझी अंघोळ?" एकांबरम कळवळला.

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण 'गरज' हा शब्द गल्लीने अचूक टिपला होता. पुढच्या खेपेला निम्मी गल्ली खोकत आली. एक धडधाकट गडी तर बायकोच्या खांद्यावर भार टाकून लंगडत होता, आणि टँकरचा नळ सुटताच दोन्ही पायांनी धावला.

मग मरगदमने एकच केलं. गरज ज्याने त्याने रांगेसमोर उभं राहून मोठ्याने सांगायची, द्यायचं की नाही ते रांग ठरवणार. शेजाऱ्यांच्या तोंडावर खोकणं अवघड असतं. खोकला पसरला तसा ओसरलाही. बाळाची घागर सगळ्यांनी मान्य केली, पांगळ्या धोब्याचीही.

शेवटी मरगदम स्वतः पुढे आली. मान खाली. "इडलीच्या पिठाला..."

तिला पुढे बोलूच न देता वासुकी म्हणाली, "द्या अक्काला. सकाळी खातो आपणच. पण चटणी पातळ केलीत ना अक्का, तर घागर बंद!"

"आणि तात्ताच्या घागरीचं काय?" कुणीतरी विचारलं.

"चटणीचं वाटण कोण वाटतं मग? तात्ताच!" मरगदम म्हणाली, आणि म्हातारा ओशाळून हसला.