अलाबला, जरा दुरून

उमरेडच्या एसटी स्टँडवर त्या दिवशी आम्हाला पोचवायला अर्धी गल्ली आली होती. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही माणसं अमेरिकेलाच निघालीत. आम्ही निघालो होतो नागपूरच्या नंदनवन वस्तीत. तासाभराचा रस्ता, मधे पाचगावचा धुरळा, आणि दिघोरी आली की उतरायचं. पण आपल्याकडे माणूस बिऱ्हाड उचलतो तेव्हा अंतर कोणी विचारत नाही. काकूने चिवड्याचा डबा दिला, मावशीने लोणच्याची बरणी. माझ्या बायकोचे, वैशालीचे, दोन्ही हात पिशव्यांनी भरले म्हणून मुलीला मी धरलं होतं. पूर्वा तेव्हा पहिलीत जाण्याच्या वयाची होती. बोलायची जेमतेम, आणि गर्दीत आली की माझ्या शर्टाचं टोक बोटांत धरून चोळत राहायची.

मग आई पुढे झाली. नातीची अलाबला घेतल्याशिवाय तिने तिला गाव सोडू देणं शक्यच नव्हतं. गल्लीतल्या सगळ्यांनी आईची अलाबला कधी ना कधी खाल्लेली आहे. दोन्ही तळवे लेकराच्या गालांवरून फिरवायचे, मग तीच बोटं आपल्या कानशिलांवर टेकवून कडाकडा मोडायची, लेकराची सगळी इडापिडा आपल्या डोक्यावर घ्यायची. आवाज जितका मोठा तितकी माया जास्त, असा तिचा हिशेब. आईने तळवे गालांवर ठेवले मात्र, पूर्वा किंचाळली. तिने आजीला जीव खाऊन ढकललं. आईचा हात बसच्या पत्र्यावर आपटला आणि हिरवी बांगडी फुटली.

निघतानाच बांगडी फुटली, याचा अर्थ जो तो मनात लावत होता. आई मनगट धरून मला म्हणाली, “जाय गा रवी. माहा हात लागला का आग होते पोट्टीले. मले थे आपलं मानतच नाई.”

बस सुटली. खिडकीतून पाहिलं तर आई काचा गोळा करत होती. वाईट वाटलंच, पण खरं सांगू? गाव मागे पडल्यावर मला एकदम हलकं वाटलं. आपल्या घरापासून दूर जाताना असं सुटल्यासारखं वाटावं, हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

कारण उमरेडच्या घरात पूर्वा असून नसल्यासारखी होती. पाहुणे आले की “झोपली आहे” म्हणून सांगायचं ठरलेलं. लग्नाला जायचं तर वैशालीने तिला घेऊन मागे थांबायचं, हेही ठरलेलं. आणि सल्ले! कोणी म्हणे लाडावली, कोणी म्हणे बाहेरचं काही आहे का पाहून घे, कोणी म्हणे माझ्या चुलतसासऱ्याचा मुलगाही असाच होता, लग्न केल्यावर सुधारला. सहा वर्षांच्या पोरीचं लग्न लावायचं की काय, असं मी एकदा विचारलं तर माणूस महिनाभर माझ्याशी बोलला नाही. तिची जागा एकच होती, बाबांचा हातमाग. बाबा विणायला बसले की ही मागाशेजारी जमिनीवर आडवी व्हायची आणि त्या खटखटाटात तासन्‌तास शांत पडून असायची. बाबा तिला हाक मारत नसत, कुरवाळत नसत. ते आपले विणत राहायचे.

नंदनवनात आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मला सीताबर्डीत कापडाच्या दुकानात काम मिळालं होतं. विणकराचा मुलगा आता मिलचं कापड मीटरवर फाडतो, याबद्दल बाबांनी कधी चकार शब्द काढला नाही, आणि मीही विषय काढत नाही. दुकानातले उरलेसुरले तुकडे मी घरी आणायचो. पूर्वा एकेक तुकडा गालाला लावून पाहायची. कॉटन ठेवायची, जरीचा तुकडा सरळ गॅलरीतून खाली. खाली मालक राहायचे.

या मालकांचा आवाज म्हणजे लाऊडस्पीकर. भाडं मागायला आले की गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं. एकदा पूर्वाने कान झाकून, भिंतीकडे पाहत, त्यांना स्पष्ट सांगितलं, “तुम्ही ओरडता. हळू बोला.” आमच्या तोंडचं पाणी पळालं. पण मालक म्हणाले, “बायको तीस वर्षं झाले हेच म्हणून राहिली. आज पटलं बाप्पा.” तेव्हापासून ते जिन्यातच आवाज उतरवून येतात. शेजारच्या बोरकर काकूंनी तर बेल वाजवणंच सोडलं. ग्रीलवर बोटाने टकटक करायची आणि वाट पाहायची. कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी नुसतं पोरीकडे नीट पाहिलं होतं. त्या मला म्हणायच्या, “तुमची पोरगी माह्याकडं पाहत नाई नं, तवाच सर्वात जास्त ऐकून राहते.”

थेरपीच्या सेंटरवर जायला लागलो आणि घरात नवे शब्द आले. ऑटिझम, स्पेक्ट्रम, सेन्सरी, ओव्हरलोड. नवं शिकलेल्या माणसाला खुमखुमी असतेच, आम्हीही भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना ते ऐकवले. मराठी शब्दही कळला, स्वमग्न. तो मला आजही पटत नाही. माझी पोरगी स्वतःत कुठे मग्न आहे? फ्रिजची घरघर, ट्यूबलाइटची चरचर, काकूंच्या घरी फोडणी पडल्याचा वास, वैशाली रडून आली आहे की नुसतं तोंड धुऊन आली आहे, हे सगळं तिला आपल्या आधी कळतं. आपणच अर्ध्या जगाला पडदे लावून बसलेलो असतो. तिला ते लावता येत नाहीत.

तिथल्या ताईंनी एक दिवस विचारलं, घरी ती सगळ्यात जास्त कशाने बिथरते? मी आईची अलाबला करून दाखवली. ताई हसल्या आणि म्हणाल्या, गालांवरून हलका फिरणारा हात तिला चटका बसल्यासारखा लागत असेल, आणि त्या पाठोपाठ कानाजवळ फटाके. म्हणजे तिने आजीला ढकललं नव्हतंच. त्या चटक्याला ढकललं होतं.

त्याच संध्याकाळी आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फणकाऱ्याने म्हणाली, “तुह्या बाबाच्या मागाचा एवढा खटखटाट चालते तिले, अन् माह्या दोन बोटाइचा आवाज काहून चालत नाई? असं सांग नं, का म्हातारीचा हातच नाई पायजे.” याचं उत्तर मला नंतर सुचलं. मागाचा ठोका कधी येणार ते तिला आधी कळायचं. तो अंगावर येत नव्हता, तीच मागाजवळ जायची. पण तोवर आईने फोन ठेवला होता, आणि पुढची कित्येक वर्षं ती नंदनवनात आली नाही. नागपुरात कामाला आली तरी महाल भागात भाचीकडे उतरायची. आमच्याकडे यायचं म्हटलं की तिचे गुडघे दुखत. आम्ही उमरेडला गेलो तर ती पूर्वासाठी पदार्थ करायची, ताट लांबूनच सरकवायची आणि पाठ फिरवायची. माझी आई आणि माझी मुलगी, दोघींपैकी कोणाचीच चूक नाही आणि दोघी एका खोलीत बसू शकत नाहीत.

मागच्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नेमकं भाचीकडे रंगकाम निघालं, त्यामुळे नाइलाजाने आई आमच्याकडे आली. काळा चष्मा लावून पलंगावर बसली आणि उजेडाच्या नावाने तिने घर डोक्यावर घेतलं. पडदा लावा, मोबाइल बाजूला करा, तो बल्ब डोळ्यात खुपून राहिला. त्यात वैशालीने सवयीने ट्यूबलाइट लावली. आई कळवळली. कोपऱ्यात कॉटनचा तुकडा चोळत बसलेली पूर्वा उठली, तिने बटन बंद केलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. आजीकडे न पाहताच म्हणाली, “ट्यूबलाइट टोचते.”

आईने तिच्याकडे चेहरा वळवला. “तुले बी टोचते?”

“रोज.”

खोलीत अंधार होता, त्यामुळे आईचा चेहरा मला दिसला नाही. मग ती वैशालीला म्हणाली, “ऐक वं. माह्या डोयाले उजेड खुपला तं मी एवढा तमाशा केला. हे लेकरू तं रोजच सहन करून राहिलं. अन् मी म्हणत होती का मले आपलं मानत नाई.” वैशाली तिचा हात धरून बसून राहिली. मी स्वयंपाकघरात गेलो, कारण मला रडू येत होतं आणि मला पाहून आई आणखी रडली असती.

नंतरचे दिवस त्या दोघी अंधाऱ्या खोलीत बसायच्या. बोलणं फारसं नाहीच. मालक चौकशीला आले आणि दारातूनच हळू आवाजात बोलले, तेव्हा आई चकित झाली. काकूंची टकटक तिने दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा स्वतःच वैशालीला सांगितलं, काकू आल्या, बेल नाही वाजवत त्या. उमरेडला परतताना आई दारात थांबली. पूर्वा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. आईने जागेवरूनच दोन्ही तळवे उचलले, हवेतच गालांवरून फिरवल्यासारखे केले, बोटं कानशिलांवर टेकवली आणि तिथेच थांबली. मोडली नाहीत. साठ वर्षांची सवय होती ती. पूर्वा डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होती.

या दिवाळीत आम्ही सगळे उमरेडला गेलो. घरी पाहुणे आले तेव्हा “पूर्वा कुठे आहे?” या प्रश्नाला आईने सरळ उत्तर दिलं, “मागाजवळ बसली हाये. जाय, पण हात लावू नोको, अन् हळू बोल.” ती झोपली नव्हती. त्या घरात पहिल्यांदाच ती झोपली नव्हती.

परत निघालो तेव्हा पुन्हा तोच स्टँड, पुन्हा चिवड्याचा डबा. आई बसपासून लांब, कडुलिंबाखाली उभी राहिली आणि तिने तिची बिनआवाजी अलाबला घेतली. पूर्वा खिडकीत होती. तिने माझ्या शर्टाचं टोक सोडलं, दोन्ही तळवे उचलून हवेत फिरवले, आपल्या कानशिलांवर टेकवले. आजीची इडापिडा नातीने घेतली. आई तिथे उभ्या उभ्या हसत होती.

माझ्यासारखे गाव सोडून बाहेर गेलेले लोक मला विचारतात, आता घर कुठलं समजायचं, नंदनवन की उमरेड? मला या प्रश्नाचं पूर्वी फार ओझं वाटायचं. आता वाटत नाही. जिथे माझ्या मुलीला झोपेचं सोंग घ्यावं लागत नाही ते घर. अशी घरं आता माझ्याकडे दोन आहेत, आणि मधला रस्ता तासाभराचा.