पुढच्या खोलीत

प्रभाकर सरांना काहीही विचारलं तरी ते आधी घोटभर पाणी प्यायचे, मग म्हणायचे, "हाय ना, पुढं हाय." नोकरी लागेल का, प्रोग्रॅम चालेल का, सगळ्यांना हेच उत्तर. नव्वदच्या दशकात आदिलाबादच्या कापूस बाजारामागे त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी तिथं टायपिंग शिकवायचे. मराठी, तेलुगू, उर्दू, ज्याला जी भाषा कळेल तीत ते इतक्या मायेनं समजावत, की हिरमुसून गेलेली पोरंही दुसऱ्या दिवशी परत येत.

एका पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ वसंता बेज्जूरकडे प्राणहिता नदी ओलांडताना डोंगा उलटून वाहून गेला. बाकीचे सापडले, तो सापडला नाही. मी क्लासात येऊन नुसती बसून राहायचे. तेव्हा सरांनी स्वतः लिहिलेला एक खेळ मला लावून दिला. काळा स्क्रीन, पांढऱ्या रेघांच्या भिंती, आणि एक बारका चौकोन म्हणजे आपण. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं. भूत नाही, रक्त नाही. फक्त कुठंतरी टक् टक् वाजायचं आणि एखाद्या दाराशी गेलं की जोरात वाजू लागायचं. भर दुपारी माझ्या हातांना घाम सुटायचा.

"आत कोणी हाय का, सर?"

"हाय ना. पुढं हाय."

"सापडल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खेळाबद्दल विचारत नव्हते, हे त्यांना कळलं होतं.

"चालत राहा, बाई. सापडल."

म्हणून मी चालत राहिले. दिवाळी गेली, कापसाच्या गाड्या येऊन गेल्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोल्यांतून फिरत असायचे.

उन्हाळ्यात सरांना हैदराबादला नोकरी लागली. ते सामान बांधत होते तेव्हा मी म्हटलं, "शेवटच्या खोलीत काय हाय, तेवढं सांगून जा."

दोरीला गाठ मारता मारता ते सहज म्हणाले, "शेवटची खोली लिहिलीच नाही, बाई. त्याच त्या खोल्या फिरून येतात."

"आणि तो आवाज?"

"नुसता आवाजच हाय."

"मग सापडल म्हणून काऊन म्हटलं तुमी?"

"नाही म्हटलं असतं तर तुमी उठल्याच नसत्या. तुमाले चालतं ठेवलं मी."

ते हसले, शाबासकीची वाट बघणाऱ्या माणसासारखे. मी त्यांना पोचवायला बसस्टँडवर गेले नाही.

घरी जाऊन आईला म्हटलं, "वसंता येणार नाही. कोणी शोधून नाही राह्यलं त्याले."

आई ज्वारी पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मले माहीत हाय. तू आस लावून बसली होती, म्हणून मी गप राह्यली."

आईवरचा राग दोन-चार दिवसांत निवला. सर काही वर्षांनी तिकडेच वारले. त्यांचे जुने विद्यार्थी माझ्याकडे येऊन त्यांच्या मायेच्या गोष्टी सांगत बसले, आणि मी ऐकून घेतल्या. त्या मायेबद्दल मला कधीच शंका नव्हती. म्हणूनच त्यांना माफ करणं मला जमलं नाही.