टाक्यातली तुरटी

खामगावच्या बाहेर ज्या बंगल्यात मी स्वयंपाक करते, त्याच्या मागे पोहायचं टाकं आहे. घरात म्हाताऱ्या बाई एकट्याच असतात. मी त्यांना मायजी म्हणते. त्यांचा मुलगा पुण्यात असतो, टाकं त्यानेच बांधलं. मायजींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून जमिनीवर त्यांना काठी लागते आणि माझा हातही लागतो. छातीएवढ्या पाण्यात मात्र त्या दोन्ही सोडून चालतात. डॉक्टरांनीच रोज चालायला सांगितलं आहे.

वैशाखात मोटर बिघडली आणि दुरुस्त होईपर्यंत टाकं हिरवं झालं. भिंतींना हात लावला की बोटं घसरायची. भाऊंनी, म्हणजे मायजींच्या मुलाने, फोनवर सगळं समजावलं. ब्रशने भिंती घासायच्या, क्लोरीनची पावडर ऊन उतरल्यावर टाकायची, रोज पाणी तपासायचं. रविवारपर्यंत साफ झालं नाही तर टाकं रिकामं करू म्हणाले. बोअर आटलेली होती. एकदा रिकामं केलं की पावसाळ्यापर्यंत पुन्हा भरणार नव्हतं, आणि तोवर मायजींचं चालणं बंद.

तपासायच्या डबीत दोन नळ्या होत्या, त्यात टाक्याचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. एकीत पाणी पिवळं झालं की पावडर लागू पडली असं समजायचं. दुसरीत पिवळं झालं तर मात्र वाईट, तिथे गुलाबी हवं. एकच पिवळा रंग इकडे चांगला आणि तिकडे वाईट कसा, हे मला कळेना. माझी शाळा चौथीपर्यंतची. भाऊंना पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून हो हो म्हणत राहिले.

दोन दिवस पावडर टाकली. हिरवेपणा गेला, पण पाणी ताकासारखं गढूळ झालं. मायजी पायरीवर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, आपण गढूळ पाण्याच्या गुंडात, हंड्यात तुरटी फिरवतो, तशी यात फिरव. मलाही पटलं. आमच्या गावी, पिंपळगाव राजाला, उन्हाळ्यात आम्ही असंच पाणी प्यायलो आहोत. दुकानातून दोन किलो खडे आणले, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधले, दोरी लावली आणि टाक्याच्या काठाने गाठोडं पाण्यातून ओढत फिरले. सकाळी बघते तर तळाच्या फरश्या मोजता येत होत्या. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नसेल असं वाटलं.

मायजी पाण्यात उतरल्या. चार पावलं टाकली तोच तुरटीने तळाला बसलेला गाळ वर आला आणि त्या डोळे चोळत कठड्याकडे वळल्या.

"काऊन वं, पाणी तं साफ दिसते, मंग चावून काऊन राह्यलं?"

मी डबी आणून पाणी तपासलं. दुसऱ्या नळीतलं पाणी लिंबासारखं पिवळं झालं होतं. हिरवं होतं तेव्हा गुलाबी, आणि स्वच्छ झालं तर पिवळं. डोळ्यांनी बघायचं की नळीने, हेच समजेना.

दुपारी ओट्याचं फडकं धुताना त्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल झाला. तो नेहमीच होतो. त्या दिवशी मी थांबून बघितलं. साबणात खार असतो. तुरटी जिभेला लावली तर आंबट लागते, जीभ आक्रसते. पिवळी हळद खाराने लाल होते, मग नळी गुलाबी व्हायला टाक्याला खार हवा असेल का? पण ते कोणाला सांगायचं?

शनिवारी भाऊंचा फोन आला. काय काय टाकलं, असं त्यांनी विचारलं.

"भाऊ, म्या तुरटी टाकली. दोन किलो."

मायजींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"तिले काही म्हणू नको. म्यानंच सांगतलं तिले. आणि हे टाकं रिकामं करशीन तं मले चालवाले तू येशीन का पुण्याहून?"

भाऊंनी पावडरवाल्या दुकानदाराला विचारून परत फोन केला. मोटर बंद ठेवून तळाचा गाळ लांब पाइपने ओढून बाहेर सोडायचा आणि खायचा सोडा बादलीत विरघळवून टाकायचा. सोडा म्हणजे खारच, ते ऐकून मी ओट्यावरच्या फडक्याकडे बघितलं.

गाळाबरोबर वीतभर पाणीही गेलं. रविवारी सकाळी नळी आभाळासमोर धरली. गुलाबी होतं, पण डबीवर जुळवून बघायला छापलेल्या दोन गुलाबी रंगांपैकी कोणता, ते ठरवता येईना. मी मायजींना दाखवलं.

"मले काय दिसते त्यातलं," त्या म्हणाल्या. "उतरूनच पाहातो."

डोळे चावले नाहीत. पाणी आता छातीऐवजी पोटाशी होतं, म्हणून गुडघ्यांवर थोडा भार येत होता. पहिल्या फेरीला त्यांनी कठडा धरला. दुसऱ्या फेरीला अर्ध्यावर सोडला. मी नळी हातात घेऊन काठाने त्यांच्याबरोबर चालत होते. पाणी नक्की बरोबर होतं की नाही, ते मला अजूनही माहीत नाही.