हात पोचतो तिथे

बोटींच्या कारखान्यात त्याला सगळे जोडारी म्हणत. हौशी लोकांच्या मोठ्या बोटींवर सुकाणूची वरची जागा जुळवणं हे त्याचं काम. खाली केबिनमध्ये एक सुकाणू असतंच. पण वारा अंगावर घेत वरून बोट हाकायची हौस कुणाला नसते? त्या वरच्या जागेचं चाक, होकायंत्र, वेगाचा दांडा, खुर्ची, सगळं आधी शेडमध्ये जमिनीवर जुळायचं आणि मग क्रेनने वर चढायचं.

त्याची बायको त्याच शेडमध्ये खुर्च्यांची कव्हरं शिवायची. कव्हर चढवलं की स्वतः बसून बघायची, आणि तिचा हात जिथे सहज पडेल तिथे हा पठ्ठ्या पेन्सिलीने खूण करून दांड्यासाठी भोक पाडायचा. माझ्या मापाने जगाच्या बोटी चालवता, असं ती चिडवायची. हा गालातल्या गालात हसायचा.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय फरफटत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवरून जेमतेम उचलला जायचा. घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून तो तिला शेडमध्ये आणायचा आणि नव्या बोटीच्या खुर्चीवर बसवायचा.

चाक बसलं, होकायंत्र बसलं, दांड्याचं भोक काही तो पाडेना. रोज तिला हात पुढे करायला सांगायचा आणि आज कालपेक्षा पुढे आला म्हणून खूश व्हायचा. सुतार, रंगारी, सगळे माना डोलवायचे. हात होता तिथेच होता, पण त्याच्या तोंडावर सांगणार कोण? शेवटी बोट पाण्यात सोडायची वेळ आली, तेव्हा तिचा हात टेकत होता तिथेच, चाकाला अगदी खेटून, त्याने दांडा बसवून टाकला.

त्या बोटीचा कप्तान बघायला आला. खुर्चीत बसून त्याने चाक फिरवलं, तशी त्याची मूठ दांड्यावर आपटली. भर वळणात असं झालं तर बोट उसळेल, कुणीतरी पाण्यात जाईल, असं तो समजुतीने सांगू लागला. जन्मात कुणाला उलट उत्तर न दिलेला जोडारी हमरीतुमरीवर आला. थोडे दिवस थांबा म्हणाला, हात येतोय म्हणाला. कुणाचा हात, ते कप्तानाला कळेना.

बायको शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होती.

"अहो, हा हात आता येत नाही," ती म्हणाली. "मला केव्हाच कळलंय. तुम्ही रोज एवढे खूश व्हायचात, म्हणून बोलले नाही. या कप्तानांच्या हाताचं माप घ्या."

जोडारी मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडला. तिने डाव्या हाताने त्याची पाठ थोपटली. बऱ्याच वेळाने तो उठला, कप्तानाला हात सैल सोडायला सांगितला आणि त्या हाताजवळ खूण केली. नवं भोक त्याने स्वतः पाडलं. जुनं बुजवायला मात्र रंगाऱ्याला सांगितलं.