दाजी आणि प्रोसेसरचा ताप

नुसता हात लावून कुठल्याही वस्तूचा ताप ओळखणारा माणूस अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या ताईचा नवरा होता. दाजी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलरवर होते. वीस-बावीस वर्षं वाफेच्या सोबतीत काढल्यामुळे त्यांना जगात दोनच प्रकारच्या गोष्टी दिसायच्या: तापलेल्या आणि तापणार असलेल्या. चहा आला की ते आधी उलटा पंजा कपाला लावायचे, "पासष्ट. दोन मिनिटं थांबा," असं पाहुण्यांना बजावायचे आणि दोन मिनिटं होईपर्यंत कुणाला घोट घेऊ द्यायचे नाहीत. माझ्या लग्नात त्यांनी स्टेजवर येऊन नवऱ्या मुलाशी हात मिळवला, तो क्षणभर तसाच धरून ठेवला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बेबी, हात बर्फ झालाय. घाबरलाय बिचारा. सांभाळून घे."

नव्वदचं दशक संपत आलं असताना अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर आला. प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवून दिलेला असतो, पण आतल्या बोर्डावरची एक चिमुकली पिन हलवली की तो त्याहून जास्त पळवता येतो. फक्त मग तो तापतो, आणि फार तापला की मशीन जागच्या जागी बंद पडतं. कुणीतरी हे दाजींना सांगितलं आणि त्यांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. घरात ठेवता येईल असा बॉयलर! प्रोसेसर गार ठेवायचं साधन शोधायला ते तडक उल्हासनगरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार सिंधी, तोही गोड बोलणारा. "साईं, इसके ऊपर पंखा लगा हुआ है ना," तो म्हणाला. दाजींनी पंखा बोटावर फिरवून पाहिला. "ये पंखा नहीं है सेठ, खिलौना है." मग भंगारातून त्यांनी जुन्या अँप्लिफायरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा मिळवला, उभ्या पात्यांचा, उष्णता ओढून घेणारा, अर्ध्या विटेएवढा. त्याचं बूड प्रोसेसरला तंतोतंत टेकावं म्हणून काचेवर पॉलिश पेपर पसरून तीन सुट्ट्या त्यांनी तो घासला. शेवटी त्यात तोंड दिसायला लागलं, तेव्हा ताईला बोलावून त्यांनी तिचंच तोंड तिला दाखवलं. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट लावतात. ती जास्त झाली तर उष्णता अडते, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवायचे, "टिकलीएवढी लावायची. श्रीखंड नाही ते!" एवढं करून तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर पळायला लागला. बॉयलरसारखंच त्याचं लॉगबुक होतं, त्यात दर तासाचं तापमान. मशीनचं एका बाजूचं झाकण कायमचं काढलेलं आणि समोर घरातला टेबलफॅन. ताई पदराने वारा घेत म्हणायची, "घरात पंखा एक, तोही माझ्या सवतीला." मी एकदा विचारलं, "दाजी, एवढ्या वेगाचं तुम्ही करता काय?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "करायचं काय म्हणजे? तापू देत नाही!"

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे. मग माझा नवरा कामाला होता त्या कारखान्याला टाळं लागलं.

मी डीटीपीचा क्लास केला होता. एका दुकानातून जोडून घेतलेला कॉम्प्युटर बदलापूरला मांजर्लीतल्या आमच्या पत्र्याच्या घरात मांडला आणि लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं अशी कामं घेऊ लागले. पहिलं मोठं काम आलं ते चौदा एप्रिलच्या स्मरणिकेचं. शंभरावर पानं. समितीच्या लोकांनी विश्वासाने दिलेलं, आणि जयंतीची तारीख काही कुणासाठी पुढे सरकत नाही. पण एप्रिल लागला, पत्रा तापला, आणि मशीन दर तासाभराने बंद पडायला लागलं. एका दुपारी बंद पडताना फाइलच बिघडली आणि सलग अकरा पानं गेली. त्यांत एका म्हातारबाबांच्या धम्मदीक्षेच्या आठवणी होत्या, त्यांच्या थरथरत्या अक्षरातून मी दोन दिवस खपून लावलेल्या. मी भिंतीला टेकून रडले आणि शेजारच्या बूथवरून ताईला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी पिशवी घेऊन दारात हजर. रजा टाकून आले होते. झाकण काढून त्यांनी आत बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "बेबी, हिला ताप आहे गं." आता हे वेग आणखी वाढवणार, असं मला वाटलं. पण त्यांनी भिंग काढून बोर्डावरची पिन पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. मला मशीन जोडून देणाऱ्या दुकानदाराने प्रोसेसर हळू चालणारा घातला होता आणि पिन हलवून त्याचा वेग वाढवून विकला होता. दाजींना इतकं चिडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. "पळवायचं तर सांगून पळवावं! सोबत थांबावं, हात लावून बघावं! असं कुणालाही जुंपून द्यायचं असतं का?"

त्यांनी वेग खाली आणला. मग पिशवीतून एक ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला आणि सायकलच्या स्पोकची पकड करून घट्ट बसवला. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली. आणि पुढचे चार दिवस माझ्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. "पान संपलं? सेव्ह कर." थोड्या वेळाने ठोकळ्याला उलटा पंजा लावून, "आता दहा मिनिटं तू पण थांब. डोळे लाल झालेत." मशीन एकदाही बंद पडलं नाही. म्हातारबाबांची पानं मी पुन्हा लावली, तेव्हा दाजींनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली.

स्मरणिका वेळेवर निघाली. तिच्या जोरावर शाळांची, मंडळांची कामं येत गेली आणि नवऱ्याचा कारखाना बंद होता ती दोन्ही वर्षं आमची चूल पेटती राहिली.

जयंतीनंतर ताईकडे गेले, तर ती ऐसपैस टेबलफॅनसमोर बसलेली. दाजींच्या मशीनला झाकण लागलेलं, आत दुकानातला तो खिलौना पंखा, वेग परत तीनशे. लॉगबुकात शेवटची नोंद ते माझ्याकडे आले त्याच्या आदल्या दिवसाची. आपला ठोकळा ते मला देऊन आले होते, हे मला तेव्हा कळलं.

"दाजी, उद्या आणून देते तुमचा."

"तुझं मशीन घर चालवतंय. राहू दे तिथंच."

इतक्या वर्षांचं सगळं एकदम बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर ते घाईघाईने चप्पल शोधायला लागले. ड्युटीची वेळ झाली म्हणाले आणि जिना उतरून गेले. ताईने मला गप्प राहायची खूण केली. त्या दिवशी त्यांच्या कारखान्याला सुट्टी होती.