सव्वा फेरा

त्या उन्हाळ्यात बाबा दिवसातून चार-पाच वेळा जिना उतरायचे. शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर. खाली त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल उभी असायची, माझ्या जन्माआधी घेतलेली. किक मारायचे, कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू जरासा फिरवायचे, कान देऊन ऐकायचे, पुन्हा फिरवायचे. वर स्वयंपाकघरात मला इंजिन नको तितकं भणभणताना ऐकू यायचं. ते मात्र चिडून वर यायचे. "आवाज बसत नाही गं. हल्लीचं पेट्रोलच भिकार."

इतकी वर्षं त्यांनी ती गाडी कानानंच लावली होती. दुसऱ्या कुणाला त्या स्क्रूला हात लावू दिला नाही. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. पहिली नेमणूक हरसूलची, आणि दर आठवड्याला याच गाडीवरून नाशिकला घरी. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. त्यांचा कान अधू झालाय हे मला वर्षभर कळत होतं. विषय काढला की म्हणायचे, "तूच पुटपुटतेस. ऑफिसात असंच बोलतेस का?"

एका रविवारी सकाळी चहा अर्धा टाकून उठले. "चल, हरसूलला जाऊन येऊ. शाळा बघायचीय."

मला नको होतं. पण त्यांना एकट्यानं सोडणं त्याहून नको होतं. गाडी त्यांनीच घेतली, मी मागे बसले.

वाघेरा घाटाच्या चढाला इंजिनचा आवाज पातळ होत गेला, पत्रा वाजावा तसा. मग जळका वास आला. मी त्यांच्या खांद्यावर थापा मारल्या. "बाबा, थांबा!"

"काय?"

"थांबा म्हणते!"

तेवढ्यात इंजिन जाम झालं. मागचं चाक घसटत गेलं आणि आम्ही कडेच्या खडीवर आडवे. माझं कोपर सोलवटलं, त्यांचा गुडघा फुटला. नशिबानं मागून काही येत नव्हतं. ते उठून बसले, गाडीकडे बघत राहिले.

"तू थांब का म्हणालीस?"

"आवाज बदलला होता."

"केव्हा?"

"पायथ्यापासून, बाबा."

त्यांनी हातानं किक दाबून पाहिली, ती हलेना. टोमॅटोची रिकामी क्रेट घेऊन चाललेल्या एका पिकअपवाल्यानं गाडी चढवून घेतली. घरापर्यंत बाबांचा हात सारखा खिशाकडे जात होता.

देवळाली कॅम्पात लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री आहेत. त्यांनी इंजिन उघडून पिस्टन दाखवला. त्यावर उभे ओरखडे.

"गुरुजी, हवा जास्त, पेट्रोल कमी. लय तापलं हे. आणि कार्बोरेटरची सुई एक खाच खाली कुणी सोडली? त्यानं पेट्रोल अजून तुटतं."

"मीच."

"का बरं?"

"आवाज बसत नव्हता," बाबा म्हणाले. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पिस्टन फडक्यात गुंडाळला.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, नवा पिस्टन घालून देतो. सुई मधल्या खाचेत ठेवतो. स्क्रू तुम्ही लावा. एका टायमाला अर्धा फेरा, जास्त नाय. थोडं चालवायचं, प्लग काढून रंग बघायचा. काळा तर पेट्रोल जास्त, पांढरा तर हवा जास्त, तपकिरी पायजे."

गाडी घरी आली तेव्हा बाबांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. "विकून टाक."

तीन आठवडे ते खाली उतरले नाहीत. पण बसलेही नाहीत. हॉलमध्ये येरझाऱ्या, पेपर उघडायचा, मिटायचा, गॅलरीत जायचं, परत यायचं. त्यांची ती चुळबुळ मलाही लागली. ऑफिसात फायलीवर बसून मी मनात स्क्रू फिरवत असायची. शेवटी संध्याकाळी मीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली गेले. स्क्रू हलकेच पूर्ण बंद करायचा आणि तिथून फेरे मोजत उघडायचा, मग गल्लीत चक्कर मारून प्लग बघायचा. एक फेरा, प्लग काळा, काजळी धरलेला. दीड फेरा, प्लग पांढुरका. सगळं वहीत. मधे कुठंतरी होतं ते. पण गाडी उभी असताना इंजिन अडखळायचं आणि मी पुन्हा एकपासून सुरू करायची.

चौथ्या दिवशी मागे चपलांचा आवाज आला. बाबा.

"काय लिहितेस?"

इंजिन चालू होतं. मी त्यांचा हात धरून पेट्रोलच्या टाकीवर ठेवला. त्यांनी झटक्यात काढून घेतला. मग स्वतःहून तळवा पुन्हा टेकवला आणि डोळे मिटले.

"फिरव."

मी फिरवला.

"अजून. हळू गं... अंहं, आता धक्के मारतंय. मागं घे. थोडं अजून. थांब!"

इंजिन एका लयीत चालू होतं. मलाही ऐकू येत होतं. मी इंजिन बंद केलं आणि स्क्रू पूर्ण बंद होईपर्यंत फेरे मोजले. सव्वा.

पिस्टन नवा, म्हणून महिनाभर गावातच हळू चालवली. मग एका रविवारी पुन्हा घाट चढलो. या वेळी मी पुढे, ते मागे. हरसूलला शाळा बंद होती. त्यांनी फाटकातून आत बराच वेळ पाहिलं. तोवर मी प्लग काढला. बिस्किटासारखा तपकिरी. त्यांनी तो उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला.

"बरा आहे," म्हणाले. मग प्लग परत देताना, माझ्याकडे न बघता, "ते कान तपासतात ना कॅम्पात, सोमवारी उघडं असतं का?"

"असतं," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुढे होऊन पुन्हा सांगितलं.