भाऊजींचा लास्ट स्टँड

माझ्या थोरल्या दिरांइतका दारात उभा राहिलेला माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा सापडायचा नाही. उभा जन्म त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. सांगोला, करमाळा, मैंदर्गी, सगळीकडचे रस्ते त्यांनी दारात उभं राहून पाहिले. बसून पाहिलेला रस्ता लक्षात राहत नाही, असं ते सांगतात. रिटायर झाल्यावर गाडी गेली, पण दार सुटलं नाही. घरात काही बोलायचं झालं तर चौकटीला खांदा लावल्याशिवाय त्यांना शब्द सुचत नाही, आणि तेवढा वेळ आम्ही बायका हातात परात घेऊन अलीकडं नाहीतर पलीकडं अडकून पडतो. लग्नात त्यांना मंडपाच्या तोंडाशी उभं केलं की पंगतीत कधी चेंगराचेंगरी होत नाही. एकदा गल्लीत पाण्याचा टँकर आला तेव्हा घागरींची अशी झुंबड उडाली की टँकरवाला नळी टाकून बाजूला पळाला. भाऊजी नळीपाशी गेले, दोन्ही हात पसरले आणि नुसतं म्हणाले, "आधी उतरू द्या." कोण कुठून उतरणार होतं देव जाणे, पण सगळ्या बायका दोन पावलं मागं सरल्या.

अशा माणसाला लढाईचा खेळ सापडला तो दाढेमुळं. आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या माडीवर दर रविवारी दुपारी टेबलावर युद्ध चालतं. डोंगर, नदी, पूल, बोटाएवढे शिपाई आणि भोवती सहा शहाणीसुरती माणसं फासे टाकत बसलेली. भाऊजी दाढ दाखवायला गेले आणि संध्याकाळी दाढ तशीच ठेवून परत आले. तिथंही ते दारातच उभे होते म्हणे, पण डॉक्टरांनी आत बोलावून एक रिकामी खुर्ची दिली. रिटायर झाल्यापासून ज्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता, ते दर रविवारी अकरा वाजताच तयार होऊन बसू लागले. जेवताना घरच्यांशी बोलू लागले. आम्हाला एवढंच पुष्कळ होतं. पण दीड वर्षानं नवीन दोघं खेळायला आले, खुर्च्या कमी पडल्या, आणि काही जण कुरकुरले की काका फासा टाकायला फार वेळ लावतात. शेवटी ठरलं की पुढच्या महिन्यात भाऊजींनी पुलाचा डाव खेळायचा. पूल आठ फेऱ्या राखला तर खुर्ची त्यांची, नाहीतर त्यांनी येऊन नुसतं बघायचं. हा डाव त्या टेबलावर आजवर कुणी राखला नव्हता.

डाव सोपा आहे सांगायला. पूल एका माणसाच्या रुंदीचा. अलीकडं गाव, पलीकडून वीस शत्रू येतात, मध्ये आपला एकच गडी. एका फेरीत माणसानं एक घर चालायचं नाहीतर लागून उभा असलेल्यावर वार करायचा, दोन्ही नाही. फाशावर मोठा आकडा पडला की समोरचा जखमी, पुन्हा पडला की मेला. जखमी माणसाच्या फाशातून दोन वजा. इंग्रजी पुस्तकातून माझी लेक हे सगळं वाचून दाखवत होती. तिनं "लास्ट स्टँड" म्हटल्याबरोबर भाऊजींचा चेहरा उजळला.

"म्हंजे शेवटचा स्टँड! तितं समदे उतरतात, कंडक्टर सगळ्यात शेवटी."

"मोठे काका, तो स्टँड न्हाई. एकटा उरलेला माणूस मरेपर्यंत लढतो, त्याला म्हणतात."

"मग मी काय येगळं सांगतोय? करमाळ्याची शेवटची गाडी बघितली न्हाईस तू कवा."

आता सराव कुणाशी करायचा? जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी हात जोडले. "शेंगदाणे मांडून खेळायचं वय हाय का तुमचं?" लेकीचं कॉलेज. उरले मी. पण आमच्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिरांशी तोंडावर बोलायचं नाही. मी पदर घेऊन पाटाच्या एका बाजूला, ते चौकटीत, आणि मध्ये आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, ज्वारी निवडत बसलेल्या. पाटावर खडूनं पूल काढलेला. माझे वीस शत्रू म्हणजे वीस शेंगदाणे. जखमी झाला की त्याची एक डाळ काढून ठेवायची. भाऊजींचा गडी म्हणजे एक सुपारी. मी म्हणायची, "आत्याबाई, त्यांना सांगा, माझे चार आले." आत्याबाई म्हणायच्या, "ह्यी म्हणती चार जण आल्यात." "आई, तिला म्हणावं, येऊ दे." मध्येच आत्याबाईंचा हात चुकून पाटाकडं वळायचा. एकदा माझे तीन शिपाई त्यांनी चावून खाल्ले आणि वर म्हणाल्या, "खारट न्हाईत."

भाऊजींची युक्ती गाडीच्या दारातली होती. समोर जखमी माणूस आला की ते त्याला मारायचेच नाहीत. "मारला की मागचा दांडगा पुढं येतोय. ह्यो अर्धा हाय, ह्याचा वार लागत न्हाय, आन् ह्याच्यामुळं बाकीचे मागं अडकल्यात. दारात अशक्त माणूस उभा असला की गर्दी आपोआप थांबती." दोन दिवस माझे एकोणीस धडधाकट शेंगदाणे एका अर्ध्या डाळीमागं ताटकळत राहिले. मी जेवण करताना, धुणं धुताना तेच डोक्यात घोळवत होते. तिसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना हळूच म्हटलं, "त्यांना सांगा, माझ्या जखमी माणसानं नदीत उडी टाकली."

आत्याबाईंचा हात सुपातच थांबला. "अय्यो! का गं?"

"मागच्याला वाट द्यायला."

भाऊजींनी लेकीला पुस्तक चाळायला लावलं. उडी मारता येते, असं तिथं लिहिलेलं होतं. पुढचा आठवडाभर माझे जखमी नदीत पडत राहिले आणि ताजे पुढं येऊन सुपारीला लोळवत राहिले. जाऊबाई मला म्हणाल्या, "मुद्दाम हर की गं एखादा डाव." माझ्याच्यानं ते झालं नाही. खुर्ची तिकडं माडीवर ठरायची होती, माझ्या पाटावर नाही. मग एका दुपारी माझ्या माणसानं उडी मारली, ताजा पुढं सरकला, आणि भाऊजींनी वार न करता सुपारी एक घर मागं घेतली. माझ्या माणसाला पुन्हा चालावं लागलं. चालला म्हणजे वार नाही. पुढच्या फेरीत सुपारी आणखी एक घर मागं. "गाडीच्या पायरीवर उभा न्हाय ऱ्हायचं," ते आत्याबाईंना समजावत होते, "वरच्या फळीवर ऱ्हायचं. मागं जागा पायजे." म्हणून त्यांनी गडी गावाच्या टोकाला न ठेवता पुलाच्या पार पुढं नेऊन ठेवला. त्या दिवसानंतर मी एकदाही जिंकले नाही.

डावाच्या रविवारी भाऊजी म्हणाले, आई पाहिजे. आत्याबाईंना जिना चढवायला मी पाहिजे. अशी मी त्या माडीच्या दारात जाऊन उभी राहिले. डॉक्टर शत्रूकडून खेळत होते. भाऊजींनी गडी पार पुढं ठेवला तेव्हा सगळे हसले. तिसऱ्या फेरीत समोरचा जखमी झाला. मग भाऊजी हाताची घडी घालून बसले.

"काका, मारा ना त्याला!"

"ऱ्हाऊ द्या. गरीब हाय."

चौथी फेरी गेली, पाचवी गेली. सहाव्या फेरीला डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, पुस्तक उघडलं, आणि आपला जखमी शिपाई उचलून निळ्या रंगात आडवा टाकला. "याची नदीत उडी!" टेबलाभोवती आरडाओरडा झाला. आत्याबाई मात्र मोठ्यानं म्हणाल्या, "ह्ये तर आमच्या घरात रोजचंच की!"

भाऊजींनी गडी एक घर मागं घेतला. सातव्या फेरीला आणखी एक. आठव्या फेरीला डॉक्टरांचा दांडगा गडी शेवटी समोर येऊन थडकला, पण चालून आला होता, वार उरला नव्हता. पूल राहिला. डॉक्टरांनी उठून हात मिळवला आणि विचारलं, "काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

भाऊजी खुर्चीतून उठले. सवयीप्रमाणं आधी चौकट शोधली, पण चौकटीत मी होते. म्हणून तिथंच उभं राहून म्हणाले, "आमच्या धाकट्याच्या बायकूनं. घरी मला आठ दिवस रोज मारलंय तिनं." सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. मी आत्याबाईंच्या मागं झाले. पण खरं सांगते, पदराआड मी हसत होते, आणि खाली उतरताना जिन्याच्या पायऱ्या मला लागल्या नाहीत.

आता खुर्ची त्यांची पक्की झाली आहे. तिथं नवे डाव निघतात, समुद्राचे, रणगाड्यांचे, आणि त्यांचा सराव ते बुधवारी डॉक्टरांकडंच जाऊन करतात. चांगलं आहे. माणूस घराबाहेर पडतो, हसत परत येतो. दुपारी काम आटोपलं की कधीतरी मी पाट पुसते, खडूनं पूल काढते आणि माझे वीस जण मांडते. आठ फेऱ्याही लागत नाहीत, सगळे सरळ चालत गावात जातात. अडवायला कुणी नसलं की पूल फार लहान वाटतो.